बोलणारा पडदा आणि त्याची डागडुजी

स्पीकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कागदाचा काळा शंकू येतो. रेडिओ उघडला तरी तोच, गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यांशेजारच्या खोक्यात डोकावले तरी तोच. शंकूच्या मागे तारेचे वेटोळे असते आणि ते एका चुंबकाच्या खाचेत मागे-पुढे हलते. वेटोळे शंकूला ढकलते, शंकू हवेला ढकलतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली ही रचना शास्त्रीय पद्धतीने मांडली आणि आजही जगातले बहुतेक स्पीकर त्याच कुळातले आहेत.

या रचनेत एक अडचण मात्र जन्मापासूनच आहे. बळ लागते ते मधल्या छोट्या वर्तुळावर, आणि हलवायचा असतो सगळा शंकू. शंकू कडक असावा लागतो, नाहीतर मधला भाग पुढे आणि कडा मागे असे होते. कडक करायचा तर जाड करावा लागतो, आणि जाड केला की जड होतो. जड वस्तू चटकन हलत नाही आणि हललेली चटकन थांबतही नाही.

मग दुसरा विचार सुचतो. बळ एका ठिकाणी न लावता सगळ्या पडद्यावर सारखे पसरून लावले तर? तसे झाले तर पडद्याला कडक असण्याची गरजच उरत नाही. तो पतंगाच्या कागदापेक्षाही पातळ असला तरी चालेल. या एका विचारातून सपाट पडद्याच्या स्पीकरांचे कूळ निर्माण झाले. १९५० ते १९९० या काळात बनलेले असे अनेक स्पीकर आज जुने झाले आहेत आणि ध्वनिप्रेमी मंडळी ते उघडून, दुरुस्त करून पुन्हा वाजवत आहेत. काही जण दुरुस्तीवर न थांबता त्यात बदलही करतात. या कामात शाळेतले भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र इतके उघडेपणाने दिसते की शिक्षकांनी ते जरूर समजून घ्यावे.

तीन भावंडे

या कुळात मुख्यतः तीन प्रकार आहेत.

पहिला रिबन स्पीकर. ॲल्युमिनियमची अतिशय पातळ, बारीक चुण्या पाडलेली पट्टी दोन चुंबकीय ध्रुवांच्या मधे सैल टांगलेली असते. विद्युतधारा थेट पट्टीतूनच वाहते. म्हणजे पट्टी हीच तार आणि पट्टी हाच पडदा. जर्मनीत वॉल्टर शॉट्की आणि एर्विन गेरलाख यांनी १९२४ साली ही कल्पना मांडली. अमेरिकेतील ॲपोजी कंपनीने १९८० च्या दशकात या कल्पनेवर माणसाहून उंच स्पीकर बनवले. त्यांत खर्ज स्वरांसाठीदेखील प्लास्टिकच्या फिल्मवर चिकटवलेले ॲल्युमिनियमचे फॉइल वापरलेले असे.

दुसरा सपाट चुंबकीय स्पीकर. यात पॉलिएस्टरची पातळ फिल्म चौकटीवर ताणून बसवतात आणि तिच्यावर ॲल्युमिनियमची तार शेजारी-शेजारी उभ्या ओळींत चिकटवतात. फिल्मच्या एका बाजूला, थोडे अंतर ठेवून, भोके पाडलेल्या लोखंडी पत्र्यावर चुंबकाच्या पट्ट्या लावलेल्या असतात. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात थ्री-एम कंपनीत इंजिनियर असलेल्या जिम वायनी यांना लवचिक रबरी चुंबकपट्ट्या पाहून ही रचना सुचली. १९६९ साली त्यांनी मॅग्नेपॅन ही कंपनी काढली. तिचे स्पीकर दिसायला घडीच्या आडपडद्यासारखे असतात. उंची दाराएवढी आणि जाडी जेमतेम दोन इंच!

तिसरा स्थिरविद्युत स्पीकर. यात चुंबक नसतोच. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधे विद्युतभारित फिल्म असते. पत्र्यांवर संगीताच्या संदेशाचे विद्युतदाब दिले की फिल्म एकीकडे ओढली जाते आणि दुसरीकडून ढकलली जाते. इंग्लंडमधील हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांनी बनवलेला आणि १९५७ साली बाजारात आलेला क्वाड हा या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध स्पीकर होय.

पडदा हलका म्हणजे किती हलका?

हा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. सपाट चुंबकीय स्पीकरची फिल्म सुमारे १२.५ मायक्रॉन जाडीची असते. घरात एखादी जुनी सी-९० कॅसेट असेल तर तिची फीत साधारण एवढीच पातळ असते. पॉलिएस्टरची घनता घनमीटरला १३९० किलोग्रॅम धरा. एक चौरस मीटर फिल्मचे वस्तुमान येते सुमारे १७ ग्रॅम.

आता हवेची घनता पाहा. ती घनमीटरला १.२ किलोग्रॅम असते. तेव्हा १७ ग्रॅम म्हणजे एक चौरस मीटर क्षेत्रावरचा सुमारे दीड सेंटिमीटर जाडीचा हवेचा थर! पडद्याचे वजन त्याला चिकटून असलेल्या हवेच्या वजनाइतकेच आहे. तारांचे वजन त्यात मिळवावे लागते हे खरे, तरीही शंकूशी तुलना करून पाहा. आठ इंची साध्या स्पीकरचा शंकू आणि वेटोळे मिळून २० ग्रॅमच्या आसपास भरतात आणि त्याचे क्षेत्रफळ असते सुमारे २२० चौरस सेंटिमीटर. म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ९०० ग्रॅम.

या स्पीकरांचे सगळे गुण या हलकेपणातून येतात. सगळे आजारही त्यातूनच येतात, हे पुढे दिसेल.

वर्गात करून पाहा

स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलची १० सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. कंगव्याच्या दातांवर हलकेच दाबून तिला चुण्या पाडा. पुठ्ठ्याच्या चौकटीवर तिची दोन टोके क्लिपांनी पक्की करा. पट्टी किंचित सैल राहू द्या. तिच्या दोन्ही कडांजवळ एकेक पट्टीचुंबक असा ठेवा की एकाचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या दक्षिण ध्रुवासमोर येईल. आता दोन सेल, विजेरीचा ०.३ अँपियरचा दिवा आणि ही पट्टी एकसर जोडणीत जोडा. मंडल पूर्ण होताच पट्टी एका बाजूला झेपावते. सेलची टोके उलटी केली की उलट्या बाजूला जाते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम मुलांना डोळ्यांनी दिसतो.

बळ किती लागले? चुंबकीय क्षेत्र ०.०५ टेस्ला, विद्युतधारा ०.३ अँपियर आणि क्षेत्रात सापडलेली पट्टीची लांबी २ सेंटिमीटर धरली तर गुणाकार येतो ०.०००३ न्यूटन. हे बळ अगदीच क्षुल्लक आहे. खडूचा तुकडा त्याने जागचा हलणार नाही. पण १२ मायक्रॉन जाडीच्या आपल्या पट्टीचे वजनही जवळजवळ तेवढेच, सुमारे ०.०००३ न्यूटन आहे. म्हणून ती उडी मारते.

दिवा मधे का ठेवला, असे मुलांना विचारा. या पट्टीचा रोध काढला तर तो फक्त ०.०२ ओहमच्या आसपास येतो. ती सेलला थेट जोडणे म्हणजे सेलची टोके एकमेकांना जोडण्यासारखेच आहे. रिबन स्पीकर बनवणाऱ्यांपुढे नेमकी हीच अडचण असते. ८ ओहमसाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरला ०.०२ ओहमचा भार चालत नाही. म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर घालतात. रोधांचे गुणोत्तर ४०० असेल तर वेढ्यांचे गुणोत्तर त्याचे वर्गमूळ, म्हणजे २० लागते. ॲपोजीच्या 'सिंटिला' या स्पीकरचा रोध १ ओहम इतका कमी होता आणि तो चालवताना भलेभले ॲम्प्लिफायर हात टेकत असत.

एखादा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ असेल तर त्याचा स्पीकर काढून त्या जागी ८ ओहमचा रोध आणि आपली पट्टी एकसर जोडा. शांत खोलीत कान अगदी जवळ नेला तर पट्टी क्षीण आवाजात बोलते. मग पुठ्ठ्याला पट्टीएवढी खाच पाडून पट्टी त्या खाचेत बसवा. आवाज वाढतो. पट्टी पुढे सरकते तेव्हा समोर हवा दाबली जाते आणि मागे विरळ होते. पुठ्ठा नसेल तर समोरची हवा कडेने वळून मागे जाते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढतात.

मोठ्या सपाट स्पीकरांनाही मागे खोके नसते. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते आणि चौकटीची रुंदी असते अर्धा-पाऊण मीटर. साहजिकच खर्ज निसटतो. म्हणून हे स्पीकर एवढे मोठे असतात आणि भिंतीपासून बरेच पुढे ठेवावे लागतात.

म्हातारपण कशाला येते?

चुंबक सहसा दुबळे होत नाहीत. पॉलिएस्टर फिल्मही दीर्घकाळ टिकते. थकतात त्या या दोघांना एकत्र धरून ठेवणाऱ्या गोष्टी.

सर्वांत आधी चिकटद्रव्य. फिल्मवर तारा धरून ठेवणारा थर वीस-तीस वर्षांनी ठिसूळ होतो. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी ते लवकर घडते. तार एखाद्या ठिकाणी सुटली की ती फिल्मवर टकटक आपटू लागते. स्वर ८० हर्ट्झचा असला तरी ऐकू येते ती झणझण, कारण प्रत्येक लहान आघातात उच्च वारंवारता भरलेल्या असतात.

दुसरा फोम. ॲपोजीच्या फॉइलच्या कडांना फोमच्या पट्ट्या असत. साध्या स्पीकरच्या शंकूभोवतीही फोमचे कडे असते. पॉलियुरेथेन फोमच्या एका प्रकारात एस्टर बंध असतात आणि हवेतल्या बाष्पाने ते हळूहळू तुटतात. दहावीच्या मुलांना एस्टर माहीत असतात. त्यांना सांगा की जुन्या हेडफोनच्या फोमचा हाताला लागणारा चिकट भुगा हे त्याच रसायनशास्त्राचे काम आहे. मुंबईत किंवा कोकणात, जिथे पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते, तिथे हे जास्त लवकर दिसते.

तिसरा ॲल्युमिनियम. त्यावर ऑक्साइडचा थर लगेच चढतो. हा थर धातूचे रक्षण करतो, पण साधे सोल्डर त्यावर धरत नाही. तांब्याच्या तारेशी जोड असेल तिथे ओलाव्यात विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजते. स्पीकर अचानक मुका झाला तर दोष बहुधा अशा सांध्यात सापडतो.

चौथी धूळ, विशेषतः लोखंडाचे बारीक कण. चुंबक त्यांना ओढून घेतो आणि ते फडफडत्या पट्टीला घासत राहतात. चिकटपट्टीच्या टोकाने ते टिपून काढता येतात.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. स्पीकरला ३० हर्ट्झपासून वर हळूहळू चढत जाणारा शुद्ध स्वर अगदी लहान आवाजात देतात आणि कान लावून ऐकतात. झणझण ज्या वारंवारतेला सुरू होते तिथे थांबून रंगाच्या मऊ कुंचल्याने एकेका जागी हलका स्पर्श करतात. स्पर्श होताच आवाज थांबला तर ती जागा दोषी. डॉक्टर पोट दाबून दुखरी जागा शोधतात तसेच हे.

दुरुस्ती म्हणजे जुना हिशेब पुन्हा जुळवणे

समजा, तारा सुटल्या आहेत. मॅग्नेपॅनच्या बहुतेक जुन्या स्पीकरांत चुंबक एकाच बाजूला असतात. कापडी आवरणाच्या पिना काढून चौकट आडवी ठेवली की तारा उघड्यावर मिळतात. जुना ठिसूळ थर योग्य द्रावकाने पुसतात, तारा पूर्वीच्याच रेषेत बसवतात आणि कुंचल्याने नवे चिकटद्रव्य लावतात. आपला नेहमीचा पांढरा गोंद इथे उपयोगाचा नाही, कारण तो लाकूड-कागदावर धरतो, गुळगुळीत पॉलिएस्टरवर नाही. वाळल्यावरही लवचिक राहणारे चिकटद्रव्य लागते. द्रावकाची वाफ पेट घेऊ शकते म्हणून खिडक्या उघड्या आणि शेगडी दूर हवी.

हे वाचून वाटेल की तारा पुन्हा सुटू नयेत म्हणून चिकटद्रव्य भरपूर लावावे. इथेच नवखा दुरुस्तीवाला फसतो. समजा फिल्म, तारा आणि मूळचा थर मिळून चौरस मीटरला ५० ग्रॅम होतात. तुम्ही २५ ग्रॅम जादा लावले. बळ तेवढेच आहे, वस्तुमान दीडपट झाले. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्वरण दोन-तृतीयांश उरले. आवाजाची पातळी साडेतीन डेसिबेलने उतरली. पहिल्या उजव्या-डाव्या जोडीतला एक स्पीकर असा झाला की गायिका मधोमध न भासता एका बाजूला सरकते.

दुसरी संख्या ताणाची. चौकटीवर ताणलेल्या पडद्याची मूळ वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. नवी फिल्म बसवताना ती सुंदर घट्ट दिसावी म्हणून चौपट ताण दिला, तर ४० हर्ट्झची मूळ वारंवारता ८० हर्ट्झवर जाते. खर्जाचे अख्खे सप्तक हातचे जाते. उलट फिल्म फारच सैल राहिली तर ती चुंबकावर आपटते.

तबलजी हे दोन्ही नियम हाताने जाणतो. गट्ट्यावर हातोडी मारून तो ताण बदलतो, आणि शाई म्हणजे पुडीवर विचारपूर्वक ठेवलेले वस्तुमान. ते किती आणि कुठे ठेवले यावर तबल्याचा सुरेलपणा अवलंबून असतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आणि पुन्हा १९३४ साली आपल्या तालवाद्यांवर लेख लिहून हीच गोष्ट गणिताने उलगडली. शाईचा लेप जाड झाला तर तबला बिघडतो हे आपल्याला पटते. स्पीकरच्या फिल्मवरचा चिकटद्रव्याचा थर ही तशीच शाई आहे.

म्हणून चांगला कारागीर काम सुरू करण्यापूर्वी मापे घेतो. मूळ वारंवारता किती, रोध किती, चिकटद्रव्य किती ग्रॅम लागले, हे तो लिहून ठेवतो. ॲपोजी कंपनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. सुटे भाग मिळणे थांबले. तेव्हा मालकांपुढे दोनच मार्ग होते. एवढी मोठी वस्तू भंगारात द्यायची किंवा फॉइल स्वतः बनवायला शिकायचे. ऑस्ट्रेलियातील काही कारागिरांनी दुसरा मार्ग धरला आणि नवी फॉइले तयार केली, म्हणून ते स्पीकर आज वाजतात. फॉइलची जाडी, चुण्यांचा आकार, चिरांमधले अंतर हे सगळे मोजता येण्यासारखे होते, म्हणूनच हे शक्य झाले.

एक इशारा स्पष्ट द्यायला हवा. स्थिरविद्युत स्पीकर घरी किंवा शाळेत उघडू नये. १९५७ च्या क्वाडमध्ये खर्जाच्या फिल्मला ६००० व्होल्ट आणि तीव्र स्वरांच्या फिल्मला १५०० व्होल्ट विद्युतदाब दिलेला असतो. बटण बंद केल्यानंतरही हा भार आत साठून राहू शकतो. ते काम जाणकाराचेच.

बदल केला की किंमतही मोजावी लागते

दुरुस्ती म्हणजे वस्तू मूळ स्थितीला आणणे. पण मूळ रचनाच सुधारावी असे अनेकांना वाटते, आणि तसे वाटण्यात गैर काही नाही. कारखान्याने किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी काही काटकसर केलेली असते. प्रश्न एवढाच, की एक संख्या बदलली तर दुसरी कोणती बदलते?

क्रॉसओव्हरचे उदाहरण घेऊ. स्वर तीव्र आणि खर्ज अशा दोन वाटांनी वेगळे करणारे हे मंडल. त्यातला कपॅसिटर जुना झाला की त्याची धारकता बदलते. ४ ओहम रोधाच्या पट्टीला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसर जोडला तर वाटणी सुमारे ४००० हर्ट्झला होते. धारकता ८ मायक्रोफॅरड झाली की ती ५००० हर्ट्झवर सरकते आणि मधला पट्टा दुबळा होतो. नवा कपॅसिटर घालणे ही सरळ दुरुस्ती झाली. पण जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरऐवजी उत्तम फिल्म कपॅसिटर घातला तर तो बदल आहे. जुन्याचा अंगचा थोडा रोध आता नाहीसा झाला आणि तीव्र स्वर किंचित मोठे झाले. ऐकणाऱ्याला वाटते, आवाज उजळला! तो कपॅसिटरच्या उंची जातीमुळे उजळला की फक्त पातळी वाढल्यामुळे? जुन्याइतका छोटा रोध जोडून पाहिल्याशिवाय हे सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण फ्यूजचे. तीव्र स्वरांच्या पट्टीच्या वाटेत बऱ्याच स्पीकरांत फ्यूज असतो. त्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, म्हणजे तो आवाजात थोडी ढवळाढवळ करतो हे खरे. म्हणून काही जण तो काढून टाकतात. मग एके दिवशी ॲम्प्लिफायर बिघडतो किंवा कोणी आवाज नको तेवढा वाढवतो, आणि फ्यूजऐवजी पट्टीच वितळते.

तिसरे उदाहरण चौकटीचे. लाकडी चौकट बदलून जड धातूची करण्याची हौस अनेकांना असते. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की फिल्म पुढे जाते तेव्हा चौकट मागे ढकलली जाते. समजा हलणारा भाग ५० ग्रॅम आणि चौकट २० किलो आहे. चौकटीची हालचाल फिल्मच्या चारशेव्या भागाइतकी, म्हणजे सुमारे ५२ डेसिबेलने कमी असेल. तेव्हा नुसते वजन वाढवून फार काही साधत नाही. पण चौकटीचा एखादा भाग स्वतःच्या अनुनादाने थरथरत असेल किंवा तिचे पाय डगमगत असतील, तर तिथे दिलेला आधार उपयोगी पडू शकतो. आधी थरथर शोधावी आणि मग करवत हातात घ्यावी.

चौथे उदाहरण सर्वांत बोलके आहे. स्थिरविद्युत स्पीकरच्या फिल्मवर विद्युतवाहक लेप असतो आणि त्याचा रोध मुद्दाम प्रचंड ठेवलेला असतो. 'वाहकच लावायचा तर चांगला वाहक लावू' असे म्हणून कोणी कमी रोधाचा लेप दिला तर आवाज बिघडतो. रोध जास्त असल्यामुळे फिल्म हलताना तिच्यावरचा भार इकडून तिकडे पळत नाही, आणि म्हणून बळ संदेशाच्या प्रमाणात राहते. चांगला वाहक इथे वाईट ठरतो. एखादा भाग असा का ठेवला आहे हे कळल्याशिवाय तो सुधारायला जाऊ नये, हा धडा केवळ स्पीकरपुरता नाही.

कानाची साक्ष कशी घ्यावी?

आठ दिवस खपून, पैसे खर्चून बदल केल्यावर माणसाला तो ऐकू येतोच. यात लबाडी नसते, मन तसे काम करते. दोन आवाजांपैकी किंचित मोठा आवाज आपल्याला चांगला वाटतो, हेही खरे आहे. शिवाय आधीचा आवाज आठवडाभराने आठवणार तरी कसा?

सुदैवाने स्टिरिओचे स्पीकर जोडीने येतात. याचा उपयोग करून घेता येतो. बदल एकाच स्पीकरमध्ये करायचा आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही. जीवशास्त्राच्या प्रयोगात आपण एका कुंडीला खत घालतो आणि शेजारची कुंडी तशीच ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. दोन्ही स्पीकर खोलीत एकाच जागी आळीपाळीने ठेवायचे, एकाच वाहिनीचा संदेश द्यायचा, पातळी मोजून समान करायची आणि कोणता वाजतो आहे हे ऐकणाऱ्याला सांगायचे नाही. दहा-वीस वेळा विचारून उत्तरे लिहून काढायची. ओळखता आला तर फरक खरा आहे. त्यानंतर तो चांगला की वाईट हा प्रश्न येतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर श्रेय कुणाचे ते कळत नाही.

शाळेत ॲपोजी किंवा क्वाड आणण्याची काही गरज नाही. फॉइलची पट्टी, दोन चुंबक आणि पुठ्ठा एवढ्यावर हे सगळे प्रश्न उभे राहतात. एका गटाने पट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून तिचे वस्तुमान वाढवावे, दुसऱ्याने पट्टी ताणून बसवावी, तिसऱ्याने मोठा पुठ्ठा घ्यावा. चौथ्या गटाची पट्टी मात्र मूळची तशीच राहू द्यावी, आणि प्रत्येक गटाने आपली पट्टी तिच्याशी ताडून पाहावी.

बंद खोक्यातल्या, कळ दाबताच चालणाऱ्या आणि बिघडताच फेकून द्यायच्या वस्तू मुलांच्या भोवती वाढत चालल्या आहेत. सपाट पडद्याच्या स्पीकरमध्ये लपवलेले काहीच नाही. तार दिसते, चुंबक दिसतो, पडदा दिसतो आणि तो का बोलतो हे पुस्तकातल्या तीन-चार नियमांनी सांगता येते. ज्या वस्तूचा हिशेब आपल्याला कळतो तीच वस्तू आपण दुरुस्त करू शकतो. तेव्हा मुलांनी घरातली एखादी जुनी वस्तू उघडायची परवानगी मागितली तर आधी त्यांना वीजजोड काढून ठेवायला सांगा, आणि मग वही-पेन्सिल हातात द्या. स्क्रू ज्या क्रमाने निघाले तो क्रम पहिल्या पानावर लिहायचा, आणि भागांची मापे दुसऱ्या पानावर.